हळदोण्याचा चिक चॉकलेट

गोव्याला गेलो की आपण मंगेशी करतो, शांतादुर्गा करतो, मुलांच्या हट्टापायी कळंगुटचा किनारा करतो आणि काजूची पाकिटं घेऊन परततो. पुढच्या खेपेला मात्र एक सकाळ राखून ठेवा आणि म्हापशाहून हळदोण्याची बस पकडा. पाटीवर ‘अल्डोना’ असं असलं तरी गाव हेच. शुक्रवार साधलात तर जाता जाता म्हापशाचा बाजारही होईल.

इथलं सेंट थॉमसचं चर्च १५९६ सालचं. पांढरंशुभ्र, नदीच्या काठावर उंचावर उभं. पलीकडे खोर्जुव्याचा जुना किल्ला आहे, तोही बघा. पण मी तुम्हाला इथे बोलावते आहे ती किल्ल्यासाठी नव्हे, एका माणसासाठी.

आंतोनियो झेवियर वाझ हा मुलगा याच गावचा, जन्म १९१६ चा. पोर्तुगीज अमलात गोव्यात चर्चला जोडून शाळा असत आणि तिथले मास्तर मुलांना प्रार्थनेसाठी गाणं-वाजवणं शिकवत. अक्षरओळखीबरोबर पाश्चात्त्य स्वरलिपीही पोरांच्या अंगवळणी पडे. पोटापाण्याचं साधन मात्र गावात थोडंच. त्यामुळे घरोघरचे मुलगे मुंबईला जात, कुणी आगबोटीवर, कुणी स्वयंपाकघरात, कुणी बँडमध्ये. आंतोनियोच्या आईला वाटे, पोरानं मेकॅनिक व्हावं, चार पैसे नेमाने मिळवावेत. आपण तिच्या जागी असतो तर वेगळं काय म्हटलं असतं? पण पोरानं ट्रम्पेट उचललं.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी यांचा अमेरिकन निग्रो वादकांचा जॅझ बँड येऊन गेला होता. त्या संगीतानं गोव्याच्या मुलांना वेडच लावलं. आपला आंतोनियो ‘चिक चॉकलेट’ झाला, लुई आर्मस्ट्राँगसारखं वाजवू लागला, त्याच्यासारख्याच घोगऱ्या आवाजात गाऊ लागला. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुढे त्याचा स्वतःचा बँड ताजमध्ये वाजत असे.

आता तुम्ही म्हणाल, हॉटेलातल्या त्या नाचाशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या रेडिओतून थेट माजघरात आलेला आहे. सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर. त्यांच्या ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ (१९५१) मधली ती ठेक्याची गाणी आठवा. भगवानदादांसारखे हात हलवत आपल्या घरातला एखादा काका लग्नात नाचलेला असतोच! त्या गाण्यांच्या वाद्यमेळामागे हा हळदोण्याचा चिक होता.

वाद्यमेळ बांधणं, ज्याला अरेंजमेंट म्हणतात, ते काम कसलं हे जरा समजून घेऊ या. चाल म्हणजे कापड म्हणा; त्याचं बेतणं, शिवणं म्हणजे अरेंजमेंट. संगीतकार पेटीवर चाल ऐकवणार. मग व्हायोलिनं कुठे उठतील, ट्रम्पेट कुठे मध्येच टपकेल, दोन कडव्यांच्या मधल्या जागी काय वाजेल, हे ठरवून प्रत्येक वादकासमोर लिहिलेला कागद ठेवायचा. आपल्याकडच्या बहुतेक संगीतकारांना ही लिपी येत नसे. गोवेकरांना ती लहानपणापासून येई, म्हणून स्टुडिओत त्यांच्यावाचून पान हलत नसे. त्यातच मुंबईत दारूबंदी आली, १९५० पासून ती पुरती अंमलात आली आणि हॉटेलांतल्या बँडांच्या मिळकतीला ओहोटी लागली. सिनेमाच्या कामाने अनेक वादकांच्या चुली पेटत्या ठेवल्या.

पण तबकडीवर नाव कुणाचं? संगीतकाराचं, गायिकेचं. बांधणाऱ्याचं नाव पडद्यावर आलंच तर ‘सहायक’ म्हणून, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. पंगतीत वाढणाऱ्याचं कौतुक आणि पहाटेपासून वाटणघाटण करणारी आत, हे आपल्याला नवीन नाही. तरी मला हे खटकतंच. निदान १९५१ च्या ‘नादान’ चित्रपटाला संगीतकार म्हणून चिकचं स्वतःचं नाव लागलं. तलत महमूदच्या आवाजातलं त्यातलं एक गाणं जाणकार आजही मुद्दाम शोधून ऐकतात. ट्रम्पेटवाल्याची ती चाल किती हळुवार आहे, ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही.

१९६७ च्या मे महिन्यात, जेमतेम एक्कावन्न वर्षांचा असताना, तो गेला.

हळदोण्याला जाण्याआधी ‘अलबेला’ एकदा घरी लावा. एका नाचगाण्यात झालरींच्या बाह्यांचे झगझगीत सदरे घातलेला बँड दिसतो. त्या वेळी गीता बालीवरून नजर हटवणं कठीण, हे मला ठाऊक आहे. तरी घटकाभर मागे बघा. ट्रम्पेट ओठाला लावलेला तो चिक.