खेळायला जाण्याआधीचे दोन फवारे

"डॉक्टर साहेब, पोरगं धावलं की खोकलते जी. घरात बसलं तर काहीच नाही." थंडी पडली, शाळांमध्ये कबड्डी-खो-खोच्या स्पर्धा सुरू झाल्या की यवतमाळच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य ठरलेले. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "मग खेळ बंद करू का?"

माझे उत्तर: खेळ बंद करू नका, दमा आटोक्यात आणा.

धावताना मूल तोंडाने श्वास घेते. थंड, कोरडी हवा नाकात गरम आणि ओलसर न होता थेट श्वासनलिकांत जाते. आतले अस्तर कोरडे पडते आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. त्रास बहुधा धावणे थांबल्यावर 5 ते 10 मिनिटांत वाढतो आणि तासाभरात उतरतो. म्हणूनच दवाखान्यात येईपर्यंत छाती साफ असते आणि मूल 'नाटक करते' असा शिक्का बसतो. मला याचेच जास्त वाईट वाटते. मूल हळूहळू मैदानाच्या कडेला बसायला शिकते.

यावर पहिले औषध म्हणजे साल्ब्युटामॉलचा पंप. खेळाच्या 10-15 मिनिटे आधी, सहसा 2 फवारे, स्पेसर लावून. संरक्षण साधारण 2 ते 3 तास मिळते. "पंपाची सवय लागते," असे आजी-आजोबा सांगतात. पंपाचे व्यसन लागत नाही. फवाऱ्यातले औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून ते सिरप किंवा गोळीपेक्षा फारच कमी लागते.

मात्र हाच पंप रोज वापरला तर त्याचे संरक्षण कमी होत जाते. रोज गरज पडणे म्हणजे मुळातली सूज तशीच आहे. तिथे ब्युडेसोनाइडसारखे स्टेरॉइड फवाऱ्याने नियमित द्यावे लागते. त्याचा गुण यायला 2 ते 4 आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत बंद करू नका. फवाऱ्यानंतर चूळ भरायला लावा. उंचीची काळजी असते; पहिल्या वर्षी वाढीत फार तर एखाद्या सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. अनियंत्रित दम्याचे नुकसान त्याहून मोठे आहे.

मॉन्टेलुकास्टची गोळी काही मुलांना उपयोगी पडते, पण ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. शिवाय मूल चिडचिडे झाले, झोपेत दचकू लागले, उदास दिसले तर लगेच डॉक्टरांना सांगा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये याबद्दल कडक इशारा दिला आहे.

औषधाइतकेच महत्त्वाचे म्हणजे खेळाआधी 10 मिनिटे हळूहळू अंग गरम करणे आणि थंडीत नाका-तोंडावर रुमाल बांधणे. सर्दी-ताप असेल त्या दिवशी विश्रांती.

पॉला रॅडक्लिफ या ब्रिटिश धावपटूला दमा होता. 2003 मध्ये लंडनला तिने 2 तास 15 मिनिटे 25 सेकंदांत मॅरेथॉन धावून जागतिक विक्रम केला.

पंप मुलाच्या दप्तरात असू द्या आणि तो कसा घ्यायचा हे वर्गशिक्षकांना व खेळाच्या सरांना दाखवून ठेवा. पंप घेऊनही धाप थांबत नसेल, बोलताना वाक्य तुटत असेल किंवा ओठ निळे दिसले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. औषध आणि मात्रा मात्र आपल्या डॉक्टरांनी तपासूनच ठरवावी.