राजा घसरतो म्हणून

राजा कारवान जातीचा. लांब पाय, शिडशिडीत अंग, माळावर सशामागे धावणारी ही जात. लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी नावाजलेलं. आमचाही तिकडूनच आला. पण नांदेडच्या फ्लॅटमध्ये माळ कुठला? बेल वाजली की तो दाराकडे सुसाट सुटायचा आणि चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवरून थेट चपलांच्या रॅकवर आदळायचा. डॉक्टर म्हणाले, असं रोज घसरणं सांध्यांना वाईट, पायाला पकड मिळेल असं काहीतरी टाका. यजमानांनी लॅमिनेट सुचवलं आणि माझी वणवण सुरू झाली.

दुकानात भिंतभर ओक, साग, अक्रोड. मी विचारलं, "यातलं कुठलं लाकूड टिकाऊ?"

"ताई, लाकूड नाही, लाकडाचा फोटो आहे," दुकानदार म्हणाला आणि त्यानं पट्टी आडवी धरून कड दाखवली. मधे दाबून घट्ट केलेल्या लाकडी तंतूंचा थर, त्याला एचडीएफ म्हणतात. त्यावर छापील कागद आणि सगळ्यात वर पारदर्शक मेलामाइन, त्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण. नखांशी झुंजायचं ते या वरच्या थरानं.

खोक्यावर ‘एसी ३’, ‘एसी ४’ असे आकडे होते. मला आधी वाटलं, एअर कंडिशनरचं काही असेल! तर हे झीज सोसायचे दर्जे. घरच्या वर्दळीला एसी ३ चालतं, मोठा कुत्रा असेल तर एसी ४ घ्यावं. ८ मिलिमीटर की १२, हा प्रश्न वेगळा. जाडीनं पायाखालचा पोकळ आवाज कमी होतो, ओरखडे कमी होत नाहीत. आणि पृष्ठभाग मॅट, उठावदार रेषांचा हवा. गुळगुळीत लॅमिनेटवर राजा टाइल्सइतकाच घसरणार.

पण एसीचा आकडा पाण्याबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि कुत्र्याच्या घरात खरी भीती पाण्याचीच. दोन कंपन्यांचे तुकडे मागून आणले आणि रात्रभर बादलीत टाकले. सकाळी एकाची कड पापडासारखी फुगलेली, खाच खाचेत बसेना. दुसऱ्याच्या सांध्यांना मेण लावलेलं होतं, तो जवळपास तसाच. राजानं सांध्यावर मुतलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर पहिल्याचं काय होईल ते कळलं. शिवाय आमच्या मावशी बादलीभर पाण्यानं फरशी पुसतात. लॅमिनेटला घट्ट पिळलेलं फडकंच चालतं.

हवेचंही आहेच. आपल्याकडचा उन्हाळा एचडीएफला आकसवतो, पावसाळा फुगवतो. म्हणून भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटर फट सोडून वर स्कर्टिंग लावतात, आणि बसवण्याआधी खोकी ४८ तास त्याच खोलीत आडवी ठेवतात.

लातूरच्या मामांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कशाला गं पोरी, कागद अंथरायलीस? आमची शहाबादी बघ." त्यांचं घर तळमजल्याचं, खाली काळी माती. तिथली ओल आणि वाळवी पाहता मामांचंच खरं. शहाबादी जरा खरखरीत, उन्हाळ्यात गार, आणि खुशाल पाणी ओतून धुवा.

आम्ही निवाडा असा केला: झोपायच्या खोल्यांत मेण लावलेल्या सांध्यांचं एसी ४ मॅट लॅमिनेट. हॉलमध्ये राजाचं पाण्याचं भांडं असतं, तिथं एसपीसी. दगडाची पूड आणि प्लास्टिकच्या या पट्ट्या पाण्यानं फुगत नाहीत.

तुम्ही दुकानात जाल तेव्हा रंग शेवटी बघा. आधी तुकडा मागा, रात्रभर बुडवून ठेवा. आणि पिल्लू अजून घरातच मुतत असेल, तर त्याला सवय लागेपर्यंत लॅमिनेट घेऊच नका.