रिम उलटी करून बघ

भाच्याने जुनी पोलो जीटी घेतली आणि लगेच विषय चाकांवर आला. चाकणला बनणारी ही गाडी 2022 मध्ये बंद झाली, त्यामुळे तिचे चाहते हल्ली जरा जास्तच हळवे असतात. याला मडगार्डच्या कडेपर्यंत आलेली रुंद अलॉय हवीत. "मामा, लुक बघ ना!" लुक बघितला. मग रिम उलटी करून ईटीचा आकडा बघितला.

रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू जितके मिलिमीटर बाहेर, तो ऑफसेट, म्हणजेच ईटी. 6 इंची, ईटी 45 ची रिम काढून 7 इंची, ईटी 35 ची बसवली तर बाहेरची कड सुमारे 23 मिलिमीटर पुढे येते: 12.7 रुंदीचे, 10 ऑफसेटचे. आत जेमतेम 3. म्हणजे शॉकअब सुटला, पण मागे माणसं बसली आणि गाडी गतिरोधकावर आपटली की टायर मडगार्डला घासणार. बेअरिंगवरचा ताण वेगळाच. पोलोच्या हबचं माप 57.1 मिलिमीटर, रिमचं मधलं भोक त्याहून मोठं असेल तर फट भरणारी रिंग हवीच, नाहीतर समृद्धी महामार्गावर 120 ला स्टिअरिंग थरथरतं.

त्यात आमचं जालना सळयांचं गाव. एमआयडीसीकडे लोखंडाने भरलेले ट्रक, त्यांच्यामागून ही पातळ टायरची नवरी! मी साडेसहा इंची, ईटी 40 वर अडून बसलोय. भाचा आता रिम बाहेर ढकलणाऱ्या स्पेसरची भाषा करतोय.