दोरीवरचा शर्ट

अण्णांची बारा बोअरची दोननळी माझ्याकडे आली तेव्हा मी ४७ वर्षांचा होतो आणि तोवर एकही बार काढलेला नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नाही. आमचं गाव चाकणच्या कडेला. घरात बंदूक आहे म्हटलं की घरच्याला ती चालवता येतेच, असं लोक धरून चालतात. मीही तेच धरून चाललो.

पहिली चूक मात्र त्याच्याही आधीची. परवानाधारक सत्तरीचा झाला की त्याच्या हयातीतच वारसाला परवाना मागता येतो, अशी सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. अण्णा सत्तरीचे झाले, पंच्याहत्तरी ओलांडली, आम्ही ‘बघू की’ म्हणत राहिलो. ते गेले, तेरावं झालं, वर्षश्राद्ध जवळ आलं, तरी बंदूक कपाटामागं उभीच. एकदा बोलता बोलता वकील मित्राला हे सांगितलं, तर त्याच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. ‘‘अरे, ज्याचा परवाना तो माणूस गेला. आता ते विनापरवाना हत्यार आहे. ठाण्यात नाहीतर शस्त्रविक्रेत्याकडे जमा कर.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं ते काम केलं. आठ महिने मी ज्याला वारसा समजत होतो, तो गुन्हा होता.

मग रीतसर अर्ज. चाकण २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आलं, त्यामुळे चौकशी तिकडची. अर्जाला शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. मला वाटलं, कागदासाठी कागद. सही-शिक्क्यापुरतं जाऊन येऊ.

शिकवणारे निवृत्त सुभेदार होते. पहिल्याच दिवशी मी बंदूक उचलली आणि बोट थेट चापावर. ‘‘बोट बाहेर,’’ ते म्हणाले. तासाभरात हे त्यांना अकरा वेळा म्हणावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी हुशारी केली. दोननळीला दोन चाप असतात, पुढचा सहसा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. वेळ वाचेल म्हणून मी दोन्हींवर एकेक बोट ठेवलं. दोन्ही बार एकदम सुटले. दस्ता खांद्याला घट्ट लावलेला नव्हता, गालही टेकवलेला नव्हता. खांदा आठवडाभर वांग्याच्या रंगाचा होता. कानात बोळे घालायला मी नको म्हटलं होतं. संध्याकाळपर्यंत हिचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं येत होतं.

तिसरी समजूत सिनेमातली. छऱ्याची बंदूक म्हणजे फवारणीचा पंप, रोख धरायची गरज नाही, समोरचं सगळं झोडपून निघतं. सुभेदारांनी दहा पावलांवर वर्तमानपत्राचं पान लावलं. माझा बार पानाला शिवलासुद्धा नाही. मग त्यांनी स्वतः मारला. छऱ्यांचा घोळका जेमतेम बशीएवढा पडला. ‘‘घराच्या खोलीत तर तो लिंबाएवढा राहील,’’ ते म्हणाले. ‘‘आणि जे छरे चुकतील, ते पुढं जातील. पुढं काय आहे, हे आधी बघायचं.’’ हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. दाखला मिळाला, परवाना मिळाला, वही कुठं गेली कोण जाणे.

२०२४ साली लोकसभेला आणि मग विधानसभेला बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. दोन्ही वेळा मला घराचं दार काढून नेल्यासारखं वाटलं. त्या महिन्यांत घरात काहीही झालं नाही, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या जानेवारीतली गोष्ट. रात्री पावणेतीनला मागं विहिरीच्या बाजूला खडखड झाली. आमच्याकडे मोटारींच्या केबली जातात, तांब्यासाठी. मी उठलो, बंदूक काढली. ती भरलेलीच होती. चोर काय काडतुसं घालेपर्यंत थांबणार आहे, असं माझं शहाणपण. हिला उठवलं नाही, दिवा लावला नाही, फोन घेतला नाही. अनवाणी मागच्या अंगणात आलो. अंधारात उंच, निळसर काहीतरी हललं.

‘‘कोण आहे?’’

उत्तर नाही. ते पुन्हा हललं, माझ्याकडं आल्यासारखं. बंदूक खांद्याला लागली, सेफ्टी पुढं सरकली. बोट कधी चापावर गेलं, मला कळलं नाही.

तेवढ्यात हिनं आतून मागचा दिवा लावला. ‘‘अहो, काय करताय?’’

दोरीवर वाळत घातलेला कंपनीचा शर्ट होता. आमच्या चार नंबरच्या खोलीतल्या भाडेकरूचा. तो सेकंड शिफ्ट करून आला होता आणि शर्टाच्या बरोबर मागं, पत्र्याच्या भिंतीपलीकडं, बायको-मुलासह झोपला होता. पत्र्याला छरे अडत नाहीत.

मी तिथंच पायरीवर बसलो. बंदूक हिनं घेतली नाही, ती हातही लावत नाही. थरथरत मीच नळ्या खाली पाडल्या, काडतुसं काढली. केबल खरोखरच गेली होती. चोर विहिरीच्या पलीकडून आला होता आणि तिकडूनच गेला होता.

वकील मित्राला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘चोर समोर असता तरी तू अडकला असतास.’’ १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. रात्री घर फोडून आत शिरणारा वेगळा, अंगणापलीकडची केबल कापून पळणारा वेगळा. नुसत्या केबलीसाठी जीव घेता येत नाही.

कायद्याचं कळलं. पण मला छळत राहिलं ते दुसरंच. अण्णा बांधावर उभे राहून रानडुकरं हुसकायला बार काढायचे. त्यांच्यापुढं भुईमूग, मग ओढा, मग टेकाड. चुकलेला छरा मातीत जायचा. ती जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर मी खोल्या बांधल्या. आता आमच्या अंगणातून कुठल्याही दिशेला बंदूक धरली तरी पुढं कुणीतरी झोपलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तो माझाच भाडेकरू असतो. बंदूक तीच राहिली. तिच्यापुढचं रान मीच विकलं आणि बांधून काढलं, तरी मी अण्णांच्याच जागी उभा असल्यासारखा वागलो.

आता बंदूक लोखंडी कपाटात, कुलपात, रिकामी. काडतुसं दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. विहिरीवर दिवा आहे. भाडेकरूंचे नंबर फोनमध्ये आहेत, ११२ सगळ्यांना पाठ आहे. पुन्हा सुभेदारांकडे गेलो, पैसे भरून, पहिल्या धड्यापासून. बोट बाहेर राहायला अजून मला आठवण करून द्यावी लागते.

एक काम मात्र राहिलंय. मी वाळवणाची दोरी पुढच्या बाजूला हलवली, तेव्हा चार नंबरच्यानं विचारलं, ‘‘दादा, का हो?’’

मी म्हणालो, ‘‘इकडं ऊन जास्त येतं.’’

तो खूश झाला. दर महिन्याच्या सात तारखेला तो भाडं द्यायला येतो, बहुतेक वेळा तोच शर्ट घालून.