पॅराडाइज रोडवरची दोन घरे

मराठीचा प्राध्यापक लंडनला गेला म्हणजे तो काय काय पाहणार, हे तो विमानात बसण्यापूर्वीच ठरलेले असते. ब्रिटिश म्युझियम, डिकन्सचे घर, जमल्यास शेक्सपिअरचे गाव. परत आल्यावर या साऱ्यावर एक लेख. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मेहुणीच्या आग्रहावरून आम्ही उभयता हाउन्स्लोला तिच्या घरी तीन आठवडे राहिलो, तेव्हा मीही अशीच एक यादी खिशात घालून गेलो होतो. सातव्या क्रमांकावर लिहिले होते : 'हॉगर्थ हाउस, पॅराडाइज रोड, रिचमंड.' व्हर्जिनिया वुल्फ आणि तिचे यजमान लेनर्ड १९१५ ते १९२४ या काळात जिथे राहत होते, ते घर.

आमच्या सौ.ची यादी नव्हती. "तुम्ही न्याल तिकडे येईन," असे ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती आणि म्युझियमांतून माझ्या मागे मुकाट्याने हिंडत होती. पण रिचमंडचे नाव काढताच ती एकदम खुलली.

"पॅराडाइज रोडला ना? मलाही तोच पाहायचा आहे."

मला आनंदाचे भरते आले. एकोणीस वर्षांच्या संसारानंतर का होईना, आपल्या व्यासंगाचा वास घरात पसरला म्हणायचा! मी व्हर्जिनिया वुल्फविषयी काही सांगू लागलो, तोच ती म्हणाली, "कोण वुल्फ? अहो, तिथे मिल्स अँड बूनची कचेरी होती. पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर पत्ता असायचा. ईटन हाउस, पॅराडाइज रोड, रिचमंड. मला पाठ आहे."

आता सांगायलाच हवे. आमच्या घरात माझी पुस्तके काचेच्या कपाटात असतात आणि तिची शिवणयंत्राच्या खणात. वाचनालयातून आणलेली, कोपरे दुमडलेली ती इंग्रजी कादंबऱ्यांची चोपडी मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. मुखपृष्ठावर एक उंच गृहस्थ आणि एक मान मागे टाकलेली तरुणी. या पुस्तकांवर वर्गात विनोद करून मी मुलांना हसवलेही आहे. घरात तर अनेकदा.

डिस्ट्रिक्ट लाइनच्या गाडीत बसलो. नकाशावर हिरव्या रंगाने दाखवलेल्या या मार्गाच्या एका फाट्याचे शेवटचे स्टेशन रिचमंड. माझे वाचन असे की वाटेत मी तिला तिच्याच प्रकाशकाचा इतिहास सांगितला. जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून या दोघांनी १९०८ साली ही संस्था काढली, तेव्हा ती सर्व तऱ्हेची पुस्तके छापीत असे. वुडहाउस आणि जॅक लंडनसुद्धा. पुढे १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत फिरत्या वाचनालयांना प्रेमकथा हव्या आहेत हे ओळखून तिने तोच एक धंदा धरला. १९७१ साली कॅनडातल्या हार्लेक्विनने ती विकत घेतली, २००८ साली तिने भारतात दुकान थाटले आणि २०१४ साली सारा कारभार हार्पर कॉलिन्सकडे गेला. कादंबऱ्यांचे वर्ग ठरलेले : डॉक्टरांच्या वेगळ्या, ऐतिहासिक वेगळ्या, धनाढ्यांच्या वेगळ्या. दर महिन्याला नवा संच येतो, जुना मांडणीवरून उतरतो.

"हे तुम्हाला माहीत, पण एक तरी वाचली आहे का?"

मी खिडकीतून बाहेर पाहू लागलो.

"मग मी सांगते," ती म्हणाली. "मला सगळ्यांत आवडतात त्या सोयीच्या लग्नाच्या."

आणि क्यू गार्डन्सचे स्टेशन येईपर्यंत तिने मला तो सारा प्रकार समजावून सांगितला. एक असतो तो आणि एक असते ती. दोघांनाही लग्न हवे असते, पण प्रेमासाठी नव्हे. त्याच्या आजोबांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलेले असते की लग्न केल्याशिवाय गलबतांची कंपनी मिळायची नाही. तिच्या वडिलांवर कर्ज असते. किंवा मेलेल्या बहिणीचे मूल पदरी असते आणि कोर्ट म्हणते की घरात नवरा-बायको पाहिजेत. मग दोघे करार करतात. मुदत एक वर्षाची, खोल्या वेगळ्या, भावनेचे नाव काढायचे नाही. पन्नासाव्या पानावर लग्न लागते. मग एक रात्र बर्फाची येते, किंवा कुणाला तरी ताप येतो. कोण कुणाच्या उशाशी बसते, यावर पुढची पाने चालतात. शेवटी काही तरी गैरसमज होऊन ती निघून जाते, तो तिच्यामागे जातो आणि करारपत्र फाडतो.

"दर वेळी हेच?"

"दर वेळी. तुमच्या कीर्तनातले आख्यान नाही का ठरलेले असते? हरिश्चंद्राचे राज्य परत मिळणार हे माहीत असूनही लोक बसतातच ना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तिची सर्वांत लाडकी लेखिका बेटी नील्स. ही बाई जन्मभर परिचारिका होती, नवरा डच होता आणि निवृत्त झाल्यावर, साठीच्या सुमारास, १९६९ मध्ये तिची पहिली कादंबरी आली. २००१ साली ती वारली तोवर शंभराहून अधिक कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या. तिचे नायक बहुधा डच डॉक्टर, नायिका बहुधा साध्या चेहऱ्याच्या आणि कष्टाळू. डॉक्टर रुग्णांविषयी बोलावे तितक्या शांतपणे लग्नाचे विचारतो : तुला घर नाही, मला घर सांभाळणारे कुणी नाही, तर कसे काय? आणि ती हो म्हणते. पुढची शंभर पाने तो घरी उशिरा येतो आणि ती जेवण गरम करते.

मला मौज वाटली ती अशी. ज्या देशात मुलगा-मुलगी आपापले जोडीदार निवडतात, लग्नाआधी वर्षानुवर्षे एकत्रही राहतात, तिथल्या बायकांना आधी लग्न आणि मग प्रेम ही आपल्या आजीच्या काळातली उलटी वरात का आवडावी? मी माझ्या पद्धतीने उत्तर काढले. पूर्वीच्या प्रेमकथेत आईबाप, कुळ, पैसा असे अडसर असत. त्यांवर कथा चाले. आता अडसर उरले नाहीत. मग दोन परक्या माणसांना एका छपराखाली, उठून जाता येणार नाही असे, बसवायचे कसे? म्हणून आजोबांचे मृत्युपत्र. मी हे तिला मोठ्या समाधानाने सांगितले.

"असेल," ती म्हणाली. "पण तुमच्या थोर लेखकांची गोष्ट लग्नापाशी संपते. बायकांना त्याच्या पुढचे ऐकायचे असते."

रिचमंडला उतरलो. पॅराडाइज रोड हे नाव ऐकून ज्याच्या डोळ्यांपुढे नंदनवन उभे राहील त्याची निराशा होईल. मुख्य बाजाराच्या मागचा तो एक साधा रस्ता. मिल्स अँड बूनची कचेरी येथून केव्हाच हलली आहे. ईटन हाउस म्हणजे कचेऱ्यांची असते तशी इमारत. हृदये जुळवण्याचा कारखाना इथे अनेक वर्षे चालला होता अशी एक खूण नाही. सौ. रस्त्यापलीकडे उभी राहून ती इमारत पाहत राहिली. मग जवळ जाऊन तिने भिंतीला हात लावला, देवळाच्या पायरीला लावतात तसा.

तिथून चार पावलांवर हॉगर्थ हाउस. विटांचे, जुन्या घडणीचे, उंच खिडक्यांचे घर. दार बंद. भिंतीवर निळी गोल पाटी. १९१७ साली लेनर्डने फॅरिंग्डन रोडवरून एक लहानसे हातयंत्र आणि खिळे सुमारे १९ पौंडांना विकत आणले, ते याच घरात. पत्नीचे मन वारंवार ढासळत असे. हाताला काम मिळाले तर डोक्याला विसावा मिळेल, ही त्याची कल्पना. दोघांनी घरबसल्या खिळे जुळवून जुलैमध्ये पहिले पुस्तक छापले, दोघांची एकेक कथा असलेले, १५० प्रती. एलियटच्या 'द वेस्ट लँड'ची इंग्लंडमधली पहिली पुस्तकावृत्ती १९२३ साली इथूनच निघाली. तिचे खिळे व्हर्जिनियाने स्वतः जुळवले. मी हे भक्तिभावाने सांगत होतो. आत जाता येत नव्हते. म्हणजे यात्रा दोघांचीही सारखीच झाली : दोन्ही देवळांतून देव निघून गेलेला, आणि आम्ही भिंती पाहत उभे.

"यांचे लग्न प्रेमाचे ना?" सौ.ने विचारले.

खरे उत्तर अवघड होते. लेनर्ड सिलोनमधली सरकारी नोकरी सोडून तिच्यासाठी थांबला होता. पण तिने मे १९१२ मध्ये त्याला पत्र लिहून स्वच्छ सांगितले होते की तुझ्याविषयी मला देहाची ओढ वाटत नाही. तरी ऑगस्टमध्ये त्यांनी लग्न केले. १९४१ साली नदीत देह टाकण्यापूर्वी तिने जी चिठ्ठी ठेवली, तीत लिहिले की आपल्याला मिळाले ते सारे सुख त्याच्यामुळेच. जवळजवळ एकोणतीस वर्षे त्याने तिच्या जेवणाच्या वेळा आणि झोपेचे तास सांभाळले होते.

"म्हणजे बेटी नील्सचीच गोष्ट," सौ. म्हणाली. "फक्त शेवट वाईट."

रिचमंडचे हिरवे मैदान तिथून जवळच आहे. त्याच्या कडेला जुन्या राजवाड्याची कमान अजून उभी आहे आणि तिच्यावर सातव्या हेन्रीचे राजचिन्ह. या गावाचे नावही त्यानेच ठेवले. त्याचे लग्न तर इंग्लंडच्या इतिहासातले सर्वांत मोठे सोयीचे लग्न! परागंदा असतानाच, १४८३ साली, त्याने शत्रूच्या घराण्यातल्या एलिझाबेथशी लग्न करण्याची शपथ घेतली; गादी मिळाल्यावर १४८६ मध्ये ती पाळली. लाल गुलाब आणि पांढरा गुलाब यांचे भांडण मिटावे, एवढाच हेतू. पण १५०२ मध्ये थोरला मुलगा आर्थर गेला, तेव्हा आधी राणीने राजाला सावरले आणि मग ती आपल्या महालात जाऊन कोसळली तेव्हा राजा धावत येऊन तिच्यापाशी बसला. पुढच्याच वर्षी ती बाळंतपणात गेली. हिशेबी आणि कंजूष म्हणून प्रसिद्ध असलेला हा राजा रिचमंडला येऊन दार लावून बसला आणि कुणाला भेटेना. त्याने पुन्हा लग्न केले नाही.

पण कमान एकच गोष्ट सांगत नाही. त्याच्या मुलाने, आठव्या हेन्रीने, १५४० च्या जानेवारीत क्लीव्हच्या अ‍ॅनशी असेच राजकारणाचे लग्न केले, ते सहा महिन्यांत मोडले आणि तिला जी मालमत्ता तोडून दिली, तीत हा राजवाडा होता. तेव्हा सगळी सोयीची लग्ने शंभराव्या पानानंतर गोड होतात असे नाही. आपल्याकडे तर पत्रिका आणि पगार पाहून जमवलेली किती तरी लग्ने जन्मभर नुसती निभावली गेली आहेत. त्यांतल्या बायकांना करारपत्र फाडायला कुणी आले नाही आणि अ‍ॅनसारखा वाडाही मिळाला नाही. हे त्या कादंबऱ्यांत नसते. मी हे सौ.ला म्हणालो.

"ते बायकांना माहीत असते," ती म्हणाली. "म्हणूनच तर वाचतात."

नदीकाठी उतरलो. थेम्सच्या काठावर २०२२ साली बसवलेला व्हर्जिनिया वुल्फचा पंचरसी पुतळा आहे. पुतळा बाकावर बसलेला आणि शेजारी जागा मोकळी, कुणीही बसावे अशी. सौ. तिच्या शेजारी बसली. मी फोटो काढला. मग मीही टेकलो.

"आपले लग्न कशासाठी झाले आठवते का?" तिने एकदम विचारले.

आठवत होते. माझी नोकरी नुकतीच कायम झाली होती आणि आई अंथरुणाला खिळली होती. घरात कुणी तरी हवे होते. तिचे वडील निवृत्त होत होते आणि पाठीमागे दोन बहिणी होत्या. पाहण्याचा कार्यक्रम वीस मिनिटांचा झाला. दोन्ही घरांची सोय झाली.

"आईंचे शेवटचे अडीच वर्षे रात्री जागावे लागे," ती नदीकडे पाहत म्हणाली. "तुम्ही पीएच्.डी.च्या खोलीत. त्या वेळी मी ही पुस्तके वाचायला लागले. त्यांतली ती बाई नेहमी कुणाचे तरी करायला म्हणून घरात येते. आणि शेवटी तो तिला म्हणतो की तू माझी नुसती सोय नव्हतीस. ते एक वाक्य वाचायला मी एकशे ऐंशी पाने वाचत असे."

पीएच्.डी. माझी पुरी झाली नाही. आई मात्र समाधानाने गेली, सुनेचा हात हातात धरून. वर्गात मी त्या पुस्तकांवर विनोद करीत होतो ती हीच वर्षे.

अर्धा तास तरी आम्ही बसलो असू. नदीवरून एक होडी गेली. ज्ञानेश्वरीपासून नवकवितेपर्यंत पंचवीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाला एक साधे वाक्य जुळवता येईना. शेवटी मी ते म्हणालो. कसेबसे, घसा खाकरून, व्हर्जिनिया वुल्फच्या देखत. शब्द इथे लिहीत नाही. ते छापण्यासाठी नव्हते.

सौ. काही बोलली नाही. तिने पर्समधून मेहुणीने दिलेला शंकरपाळ्यांचा डबा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"एकोणीस वर्षे लागली," ती म्हणाली. "बेटी नील्सच्या डॉक्टरलासुद्धा इतका उशीर होत नाही."

घरी परतल्यावर काचेच्या कपाटातला एक खण आम्ही मोकळा केला. शिवणयंत्राचा खण आता दोऱ्यांसाठी आहे.