अण्णांची गाडी

गाडी घ्यायची असं आमच्या घरात ठरलं ते हिच्या गुडघ्यांमुळे. कमठाण्याहून बीदर दहा-बारा किलोमीटर. पण बसची पहिली पायरी चढताना हिचा चेहरा पाहिला की ते अंतर हैदराबादएवढं वाटायचं. नवी गाडी आवाक्याबाहेरची. म्हणून जुनी बघू लागलो आणि ही बातमी आठ दिवसांत उदगीरला पोचली.

उदगीरला हिचे थोरले भाऊ असतात. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. त्यांचा फोन आला, "दाजी, बाहेर कशाला बघता? माझी स्विफ्ट द्यायचीच आहे. २०१४ची, डिझेल. घरची गाडी घरात राहील." किंमत सांगितली ३ लाख २० हजार. लेकीच्या कॉलेजची फी भरायची आहे, हे काही ते बोलले नाहीत. पण हिला ठाऊक होतं. त्यामुळे प्रश्न नुसता गाडीचा राहिला नाही.

बीदरच्या ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर घेऊन एका रविवारी पहाटेच उदगीर गाठलं. आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असं त्यानं आधीच कळवायला लावलं होतं. गरम इंजिन लबाड असतं, थंड इंजिन खरं बोलतं, हा त्याचा सिद्धांत. सायलेन्सरमागं उभा राहून त्यानं धूर पाहिला. काळा धूर येत राहिला तर इंजेक्टरचा संशय, निळा आला तर इंजिन किंवा टर्बो ऑइल खातोय. तसलं काही नव्हतं. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून बघितलं. ब्रेकच्या पॅडलचं रबर किती झिजलंय आणि मीटरवरचे १ लाख १० हजार किलोमीटर यांचा मेळ घातला. टायरवरचे चार आकडे वाचून दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बॉनेटच्या बोल्टांना पाना लागल्याची खूण नव्हती. अण्णांनी गाडी लेकरासारखी सांभाळली होती.

परतताना मिस्त्री म्हणाला, "सर, गाडी छलो अद. आदरे निमगल्ल." गाडी चांगली आहे, पण तुमच्यासाठी नाही. मी दचकलोच. पुढं तो आपल्या दखनीत म्हणाला, "साल में कितना चलाते?"

या साध्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. माझ्या डोक्यात डिझेल म्हणजे स्वस्त, एवढंच पक्कं बसलेलं. १९९८ साली टाटांची इंडिका आली, तेव्हापासून आमच्या भागात छोट्या गाडीतही लोक डिझेलच शोधू लागले. ते चूक नव्हतं. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर होतं आणि डिझेल ४१च्या आसपास. मात्र ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि तेवढी तफावत राहिली नाही. दर बदलले, माझी समजूत तिथंच राहिली.

रात्री वही घेऊन दोघं बसलो. आमच्याकडे पेट्रोल १०३च्या आसपास, डिझेल ९१च्या. बीदरमधल्या एका ओळखीच्या घरची त्याच वर्षाची पेट्रोल स्विफ्ट २ लाख ८० हजारांना मिळत होती, केए-३८ नंबरची. डिझेलला वीसचं ॲव्हरेज धरलं, पेट्रोलला सोळाचं. किलोमीटरमागं डिझेलला साडेचार रुपये, पेट्रोलला साडेसहाच्या जरा आत. म्हणजे बचत एक रुपया नव्वद पैसे.

आता दुसरी बाजू. अण्णांची गाडी ४० हजारांनी महाग. शिवाय तिचा नंबर एमएच-२४. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथं नव्यानं नोंदवावी लागते. तिकडच्या आरटीओची एनओसी आणायची, इकडे वयाप्रमाणे लाईफ टॅक्स भरायचा. एजंटानं सगळं धरून ४० हजारांचा अंदाज दिला. ८० हजार जास्तीचे. ते वसूल व्हायला ४२ हजार किलोमीटर गाडी चालायला हवी.

"आपण जातो कुठं एवढं?" हिनं विचारलं. आठवड्यातून दोनदा बीदर, वर्षातून तीनदा हैदराबाद, सणाला उदगीर. ओढूनताणून ४ हजार. म्हणजे वसुलीला साडेदहा वर्षं. नोंदणीची पंधरा वर्षं तर २०२९ लाच संपतात. पुढं फिटनेस करून नूतनीकरण. आणि टर्बो किंवा इंजेक्टरनं एकदा मान टाकली की त्या वर्षांची बचत एका दिवसात जाणार.

मला वडिलांची आठवण झाली. त्यांच्या तरुणपणी उदगीर हा बीदर जिल्ह्यातलाच तालुका. १९५६ मध्ये बीदर म्हैसूर राज्यात आलं, उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. सोयरिकी थांबल्या नाहीत. मुली येतात-जातात, त्यांना एनओसी लागत नाही, गाडीला लागते.

हिशेब कळला, पण तो अण्णांना सांगायचा कोणी? मी म्हटलं, काहीतरी निमित्त सांगू. ही म्हणाली, "निमित्त परक्याला सांगतात." तिनं स्वतःच फोन लावला आणि वहीतला आकडा न आकडा वाचून दाखवला. शेवटी म्हणाली, "अण्णा, गाडीत खोट नाही. आमचं फिरणंच थोडं आहे. फीला कमी पडत असेल तर तेवढं मोकळेपणानं सांग." पलीकडं बराच वेळ शांतता. मग, "बघतो," एवढंच.

पंधरा दिवस फोन नाही. ही रोज मोबाइल उचलून बघायची नि ठेवायची. सोळाव्या दिवशी अण्णाच बोलले. रोज उदगीर-लातूर ये-जा करणाऱ्या एका शिक्षकानं गाडी घेतली होती, ३ लाख १५ हजारांना. रोजचे सव्वाशेच्या वर किलोमीटर. नंबर तिकडचाच, कर नाही, एनओसी नाही. त्याच्या वहीत तीच गाडी स्वस्त होती.

आम्ही बीदरची पेट्रोल गाडी घेतली. भाऊबीजेला अण्णा बसनं आले. त्यांना स्टँडवरून आणायला आम्ही दोघं गेलो. पुढं बसून त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि विचारलं, "ॲव्हरेज?"

"सोळा."

"माझी वीस द्यायची," अण्णा म्हणाले. मग मागं वळून बहिणीकडं बघितलं. "चढता-उतरता येतंय ना पण नीट?"

"येतंय," ती म्हणाली.

"मग झालं तर."