तीन बाजूंना पाणी, मध्ये चढ

गुहागर तालुक्याला तीन बाजूंनी पाणी आहे. उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेला शास्त्री नदीची जयगड खाडी आणि पश्चिमेला समुद्र. मधली जमीन जांभ्याच्या कातळाची. कोकणच्या किनाऱ्यावर सायकल हाकायची म्हणजे दोनच कामं असतात, सडा चढायचा आणि खाडी ओलांडायची, आणि गुहागरात ही दोन्ही पोटभर मिळतात. चाळीस वर्षांपूर्वी पुण्याहून आम्ही कॉलेजातली पोरं उतरलो तेव्हाही मिळाली होती, गेल्या हिवाळ्यातही मिळाली.

तेव्हाची सायकल म्हणजे काळी, दांड्यांच्या ब्रेकची, मागे लोखंडी कॅरिअर असलेली. वजन वीसबावीस किलो. त्यावर सुतळीने बांधलेली वळकटी, हवेचा पंप, दोन पान्हे, पंक्चरचं सोल्यूशन आणि व्हॉल्व्ह ट्यूबचा एक लांबलचक तुकडा, कारण ती कुठे दगा देईल सांगता यायचं नाही. गिअर नव्हतेच. पुढच्या चक्राला साधारण ४४ दात, मागच्याला १८. पायडल एकदा फिरवलं की २८ इंची चाक जवळजवळ अडीच वेळा फिरणार आणि सायकल पाच मीटरच्या वर पुढे जाणार. सपाटीवर हे छान. पण खाडीच्या काठावरून शे-दीडशे मीटर उभ्या सड्यावर चढताना हेच गणित मांड्यांवर बसतं. म्हणून आम्ही चढ ढकलत चढायचो. त्यात कुणाला कमीपणा वाटायचा नाही, कारण शेजारून डोक्यावर भारा घेतलेल्या बाया आमच्याइतक्याच वेगाने चालत असायच्या आणि गप्पाही मारायच्या. एकीने विचारलेलं अजून कानात आहे, "ती तुम्हाला आणते की तुम्ही तिला?"

आता माझ्या सायकलीला पुढेमागे सारख्या दातांची जोडी लावता येते. म्हणजे एका फेऱ्यात दोन मीटरांच्या आसपासच अंतर, जोर निम्म्याहून कमी. साठी ओलांडलेला माणूस पालशेतची घाटी सायकलवरून न उतरता चढतो ते या दातांच्या कृपेने. याला व्यायाम वगैरे म्हणणाऱ्यांनी म्हणावं. उतारावरची गोष्ट त्याहून मोठी. पूर्वी लाल धुळीने माखलेल्या रिमवर ब्रेकचे रबर नुसते किंचाळायचे, वेग त्यांच्या मर्जीने कमी व्हायचा, आणि वळणावर समोरून एसटी आली तर गडग्याचा आधार घ्यायचा. डिस्क ब्रेकला दोन बोटं पुरतात.

सडा मात्र जराही बदललेला नाही. झाड नाही, सावली नाही, कातळ तापलेला. या सड्यांनी एक गोष्ट आमच्यापासून लपवून ठेवली होती. जयगडची खाडी ओलांडून रत्नागिरीच्या खाली पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे असं जाताना आम्ही ज्या ओसाड कातळांना शिव्या घालत होतो, त्यांच्यावरच हजारो वर्षांपूर्वीची चित्रं कोरलेली आहेत. कशेळीच्या सड्यावर भलामोठा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. गुराख्यांना, गावकऱ्यांना यातलं पुष्कळ ठाऊक होतं. त्यांच्याकडून पाणी मागितलं, रस्ता विचारला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आता तिकडे वळायला रस्त्यावर पाट्या आहेत, आणि सड्यावर थांबायला सायकलवाल्याला एक कारण आहे.

खाडीचं काय झालं ते सांगायला जास्त जागा लागेल. दाभोळहून समोर धोपावे दिसतं, माणसं ओळखू येण्याइतकं नाही, पण घरं मोजता येतील इतकं जवळ. रस्त्याने जायचं तर दापोली, खेड, चिपळूण करत शंभर किलोमीटरच्या वर वळसा. म्हणून तर, म्हणजे होडी. ती पलीकडे असेल तर हाका मारायच्या, सुकती असेल तर चिखल तुडवायचा, आणि भरती येईतो जेटीवर बसायचं. सायकली होडीत आडव्या, एकीचं पायडल दुसरीच्या तारांत. तरवाला आमच्यापेक्षा सायकलींची काळजी जास्त करायचा. या बसण्यातच सगळ्या ओळखी व्हायच्या. कुठले, कोणाकडचे, आडनाव काय, मग त्या आडनावाचं वेळणेश्वरला कोण आहे याचा शोध, आणि दोनतीन प्रश्नांत रात्रीच्या पडवीची सोय. जेवणात कुळथाचं पिठलं आणि उकड्या तांदळाचा भात. पैसे विचारले तर घरातली आजी रागवायची.

२००३ मध्ये दाभोळ–धोपावे फेरीबोट सुरू झाली. ट्रक, मोटारी, बुलेट, सगळं तिच्या पोटात जातं. तिकडे तवसाळहून जयगडलाही तशीच बोट. सायकल उभीच्या उभी चढवायची, भिंतीला टेकवायची, तिकिटाचे पैसे मोबाइलवरून द्यायचे, आणि घाम वाळायच्या आत पलीकडे. सोय झाली यात वादच नाही. पोटदुखीने तळमळणाऱ्या माणसाला भरतीची वाट बघायला लावणारी ती जुनी होडी मला सुंदर वाटायची, कारण मला दवाखान्यात जायचं नव्हतं. ओळखी मात्र होत नाहीत. बोटीवर सगळे गाडीतच बसून राहतात, काचा वर. मुक्कामाची खोली आठवडाभर आधी ठरलेली असते, त्यामुळे मलाही कुणाला आडनाव सांगायची गरज उरलेली नाही. उकडीचे मोदक आदल्या दिवशी फोन केला तर मिळतात. चांगले असतात.

एका बाबतीत आताचा प्रवास मला निखालस सरस वाटतो. हेदवीला समुद्राकाठी बामणघळ आहे, कातळातली अरुंद चीर. भरतीचं पाणी आत घुसलं की कारंज्यासारखं वर उसळतं. ओहोटीला नुसती भेग. तेव्हा सायकल ढकलत आम्ही जाऊ तेव्हा ती भेगच नशिबी यायची, आणि देवळातले लोक म्हणायचे, सकाळी यायला हवं होतंत. आता भरतीची वेळ मोबाइलवर बघायची, त्या हिशेबाने गुहागर सोडायचं. गेल्या खेपेला भिजलो.

रात्र बदलली आहे. अंजनवेलच्या गोपाळगडाजवळून पूर्वी अंधारात खाडीपलीकडचे मिणमिणते दिवेच दिसायचे. मग नव्वदच्या दशकात एन्रॉनचा वीज प्रकल्प आला, नाव दाभोळचं आणि जागा गुहागरची. आंदोलनं झाली, २००१ मध्ये तो बंद पडला, पुढे दुसऱ्या नावाने सुरू झाला. जयगडला कोळशावर चालणारे तीनशे मेगावॉटचे चार संच उभे राहिले. प्रकल्पांमुळे रस्ते रुंद झाले, हे आम्हा सायकलवाल्यांना कबूल करावं लागतं, आणि त्याच रस्त्यांवरच्या डंपरांना घाबरून कडेच्या मातीत उतरावं लागतं हेही.

आता मोठे पूल यायचे आहेत. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्गाची कल्पना अंतुल्यांच्या काळापासून ऐकतो आहे. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब कित्येक वर्षं नुसते उभे राहिले. तरी एक ना एक दिवस दाभोळ आणि जयगडच्या खाड्यांवरही पूल होतील, आणि मीही त्यांच्यावरून जाईन. पुलावर कडेला सायकलींपुरती एक पट्टी ठेवली तर थांबून खाडी बघता येईल; पण नकाशे काढणाऱ्यांना खाडी बघत थांबणारी माणसं असतात हे कोण सांगणार!

आमच्यातले दोघे बॅटरीच्या सायकलीवर आले होते. चढावर शीळ घालत पुढे गेले. बाकीच्यांनी नाकं मुरडली, मी किंमत विचारली. गुडघे सांगतात ते ऐकायला हवं. फक्त एक धाकधूक आहे. भर दुपारी सड्यावर बॅटरी संपली, तर वीसबावीस किलोंचं धूड ढकलत न्यावं लागेल. त्याचा सराव आहे म्हणा.